शोषखड्ड्याला बागिन

लष्कर मोहल्ला, म्हैसूर

व्याहीबोवा शिवप्रसादराव यांना गुरुरावचा सप्रेम नमस्कार, आणि विहीणबाईंना आमच्या वेदवतीचा. हिंगळाजमातेच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा काय म्हणतो? (हुबळीच्या डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलं असलं, तरी तुम्ही माळ्यावर चढून जुने डबे उतरवत असणार, हे मला ठाऊक आहे.) माझा रक्तदाब काबूत आहे. गेल्या गुरुवारी तेवढा तो सुटला होता, त्याचीच हकिगत कळवतो, आणि अभिमानाने कळवतो.

तुमची लेक, म्हणजे आमची सून सहना, कडकोळच्या कंपनीत लोकोपयोगी कामाचं खातं बघते. कंपनी नफ्यातला काही वाटा गावोगावच्या पाण्याविजेवर घालते, आणि यंदा त्यात आपलं समाजमंदिर बसलं. (मी अध्यक्ष आहे म्हणून नव्हे. मी तसं चारचौघांत सुचवलं होतं, पण तिनं ते तिथल्या तिथे खोडलं.) छपरावर सौर पॅनल आले, आणि छपराचं पावसाचं पाणी मागच्या जुन्या विहिरीशेजारी खणलेल्या शोषखड्ड्यात सोडलं. आपल्या रंगाऱ्यांच्या पिढ्यांनी ज्या विहिरीच्या पाण्यावर लुगडी रंगवली, तिच्यात अलीकडे क्रिकेटचे चेंडूच सापडत. गुरुवारी मोठे साहेब काम पाहायला येणार होते. त्यांना पटलं तर असंच काम चित्रदुर्गाकडच्या कोरड्या गावांत सहनाच्या हाती द्यायचं, नाही तर इथेच गुंडाळायचं, असं ठरलं होतं. पोरगी आठवडाभर धड जेवली नव्हती.

अशा वेळी अध्यक्षानं नुसतं हार घेऊन उभं राहायचं, हे माझ्या स्वभावात नाही. धरण काठोकाठ भरलं की इकडे सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, डाळ-तांदूळ घालून पाण्याला बागिन देतात. साहेबांसमोर वेदवतीच्या हातून तसं बागिन द्यायचं मी योजलं, आणि सहनाला चकित करायचं म्हणून तिला सांगितलं नाही. पण बागिन भरल्या पाण्याला द्यायचं, आणि खड्डा तर ठणठणीत कोरडा. तेव्हा मी सुम्मने, कुणाला न विचारता, टँकर मागवला. टँकर रिता झाला, खड्डा भरेना. दुसरा मागवला, तोही खड्ड्यानं गट्ट केला. आमचे खजिनदार भुजंगराव (बोलणं थोडं, हसणं फार) म्हणाले, तळ गळका दिसतो, कंत्राटदारानं फसवलं. मला ते शंभर टक्के पटलं. मग तिसरा टँकर आणून उभा केला, आम्ही लग्नमांडवाची ताडपत्री काढली आणि ती तळाला अंथरायला मी धोतर खोचून स्वतः खाली उतरलो.

साहेब आले ते तेव्हाच. पाणी वाचवण्याच्या कामापुढे टँकर उभा, जमिनीत मुरायला केलेल्या खड्ड्यात ताडपत्री, आणि तिच्यावर चिखलानं माखलेला अध्यक्ष. अय्यो, व्याहीबोवा, सहनाचा चेहरा पाहून मला वाटलं की वरून माती लोटावी. हे काय चाललंय असं साहेबांनी विचारलं. दुसरी कुणी असती तर म्हातारा आमचा नव्हे म्हणाली असती. तुमच्या लेकीनं आधी हात देऊन मला वर घेतलं, मग सरळ सांगितलं की हे माझे सासरे. भरलेला खड्डा म्हणजे काम झालं, असं यांना वाटलं, म्हणाली. गावोगाव लोकांना हेच वाटणार. रिकामा झालेला खड्डा म्हणजे पाणी खाली पोचलं, हे समजावणं हेच माझं खरं काम, ते मी घरातच करायचं विसरले. साहेबांनी ताडपत्री काढवली, त्या टँकरचं पाणी खड्ड्यात सोडायला लावलं, आणि त्यांची कॉफी संपेपर्यंत खड्डा कोरडा. ते हसले आणि चित्रदुर्गाचं काम तिथेच नक्की केलं. आमची वेदवती म्हणाली, पोट भरलेल्याला कसलं वाण, तहानलेल्याला द्या, आणि तिनं सूप त्या ओल्या रिकाम्या खड्ड्यात सोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुजंगरावांना मी चिखल गेला म्हणून सांगितलं.

लेक तुम्ही चांगली वाढवलीत. हे मी तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून लिहून देतो.

आपला,
गुरुराव

ता. क. चित्रदुर्गाला दोन वर्षं राहावं लागेल. आमचा विजयेंद्र बरोबर जायला तयार आहे, त्याचं काम लॅपटॉपवर कुठूनही चालतं. पण सहना नाही म्हणते. मामंजी-सासूबाईंकडे कोण बघणार, असं तिचं एकच पालुपद. मी रागावून पाहिलं, वेदवतीनं समजावून पाहिलं, ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. फोन करा आणि जा म्हणून सांगा. मी लिहिलं हे कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. ती गेल्यावर आमचं कसं होईल, असं तिनं विचारलं तर मजेत होईल म्हणा. तुमच्या तोंडून ते खरं वाटेल. मी म्हणायला गेलो आणि मधेच उठून बाहेर आलो.