त्याच्या नावाने केलेल्या दुरुस्त्या

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. अहेरी

पैसे देणार म्हणे! फुकट काम करणाऱ्यांना! आज सकाळी कंपनीने प्रकल्पाच्या पानावर जाहीर केलं. ज्यांनी ज्यांनी हौसेने दुरुस्त्या केल्या त्या सगळ्यांना मानधन, आणि सगळ्यात जास्त काम करणाऱ्या दोघांना वर्षभर दरमहा पगार. उशिरा का होईना, लाज वाटली. हे फॉर्म भरायचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं, म्हणून आम्ही घरी बसून नीट करायचं, आणि कंपनीने त्याच्या जिवावर मोठमोठी कंत्राटं घ्यायची — असंच चाललं होतं ना!

खाली एका जुन्या माणसाने लिहिलंय, पैसा आला की सेवाभाव मरतो. तुझा मरू दे बाबा. माझं ऑफिसातलं डेटा भरायचं कंत्राट मार्चमध्ये संपतं.

मग यादी उघडली. पहिलंच नाव — अतुल मडावी, २११ दुरुस्त्या. 

त्या दोनशे अकराच्या दोनशे अकरा मी केल्या आहेत.

३ नोव्हेंबर

इथे तरी खरं लिहावं. ही वही कोण वाचणार आहे!

अतुल आणि मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात तीन वर्षं एका कॉम्प्युटरवर बसायचो. हा प्रकल्प त्यानेच शोधला. आपल्या लॅपटॉपवर उतरवून घेतला, सेटिंगमध्ये आपलं नाव आणि मेल घातला. पहिली दुरुस्ती करायच्या आत वनरक्षकाची ऑर्डर आली. सिरोंचाकडे. वडील गेलेले, घरी दोन बहिणी. जाणं भागच होतं.

बस स्टँडवर त्याने लॅपटॉपची बॅग माझ्या हातात दिली. "मले जंगलात काय कामाचा? ठेव तूच." मी म्हटलं, "वापस कधी नेशील?" तो म्हणाला, "पाहू." मी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. बस लागली.

महिन्याभराने मी पहिली दुरुस्ती पाठवली आणि पानावर नाव उमटलं त्याचं! दुसऱ्याच्या मशीनवर बसणारा प्रत्येक नवशिक्या ही चूक करतो. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात. मी तीन वर्षांत बदललं नाही.

विसरले नाही. बदललं नाही. माझ्या कामापुढे त्याचं नाव दिसलं की वाटायचं, अजून एकाच बाकावर बसलोय. आमच्याकडच्या म्हाताऱ्या हातावर नाव गोंदून घ्यायच्या. मी हे करून बसले.

६ नोव्हेंबर

पुण्याहून कंपनीच्या नीलिमा मॅडमचा फोन. मीच मेल केला होता, की माझंही थोडं काम आहे. थोडं! खोटं बोलतानासुद्धा हात आखडला.

"रंजीताताई, मी रेकॉर्ड तपासलं. तुमच्या नावावर एकही ओळ नाही हो." आवाज मऊ होता बिचारीचा. "अतुल मडावींना ओळखता का? त्यांचं काम फार सुंदर आहे. नेटवर्क गेल्यावर भरलेला फॉर्म नाहीसा व्हायचा, ते आमच्या इंजिनिअरांना वर्षभर सापडलं नव्हतं."

सापडणार कसं! त्यांच्याकडे नेटवर्क जातच नाही.

"ओळखते," एवढंच म्हटलं. तीस तारखेपर्यंत मुदत आहे. अतुलने बँकेचा कागद दिला की पगारही त्यालाच सुरू.

८ नोव्हेंबर

शनिवार. नेहमीसारखी भामरागडच्या बसमध्ये बसले, मांडीवर दोन फोन. आलापल्ली सुटलं की सिग्नलच्या दांड्या एकेक करून पडतात, तेव्हा फॉर्म अर्धा भरून सोडून द्यायचा. परतीच्या वाटेवर दांड्या आल्या की काय उरलं ते पाहायचं. हीच माझी प्रयोगशाळा. कंडक्टर म्हणतो, "मॅडम, जाता कुठी ते तरी सांगा!"

आज सोमारी चढली. रानातल्या एका गावची आशा कार्यकर्ती, याच फॉर्मात गरोदर बायांच्या नोंदी भरते. पूर्वी एकेकीची नोंद तीनतीनदा भरायची. म्हणाली, "आता काईच गायब नाई होत जी. कोनी केलं बाई हे? हात जोडाले पायजे त्याले."

त्याले! मी खिडकीबाहेर पाहिलं. मनातून मात्र ओरडून सांगावंसं वाटत होतं.

९ नोव्हेंबर

आज भाजी चिरता चिरता सुरी थांबली. दुरुस्ती मिळाली की कंपनी करणाऱ्याला मेल पाठवते, हे नीलिमा मॅडम बोलता बोलता बोलल्या होत्या. मला आजवर एकही आला नाही. मला वाटायचं, हे लोक पाठवतच नसतील.

अगं मूर्ख मुली, सेटिंगमध्ये मेल कुणाचा आहे?

दोनशे अकरा मेल. सगळे त्याला गेले.

१० नोव्हेंबर

म्हणजे त्याला माहीत आहे. तीन वर्षं माहीत आहे! आणि एका शब्दाने विचारलं नाही, की रंजीता, हे काय लावलंस? हसला असेल? का उघडलेच नसतील?

फोनमध्ये त्याचा शेवटचा मेसेज दीड वर्षापूर्वीचा. माझ्या वाढदिवसाचा.

१२ नोव्हेंबर

फोन केला नाही.

१३ नोव्हेंबर

आजही नाही. नंबर काढला, पाहिला, ठेवला.

१६ नोव्हेंबर. ब्रह्मपुरी

धानकापणीला घरी आले. आईला सांगून टाकलं. सगळं नाही, अर्धं. ती विळा ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "मेहनत तुयी अन् नाव त्या पोराचं? असी कशी व तू! मांगून घे आपलं. तुया बाबानं मजुरी करून तुले शिकवलं, ते काय दुसऱ्याचं नाव मोठं कराले?"

बरोबर आहे तिचं.  आमच्या घरात नाव मिळवायला तीन पिढ्या गेल्या, आणि मी ते खुशाल देऊन बसले.

पण मागून घेतलं की ते त्याचं नाव जाणार, दोनशे अकरा ठिकाणांहून. माझ्याकडे त्याचं दुसरं काय आहे? लॅपटॉप आणि त्याची बॅग, तिचीही चेन तुटली.

मला तो हवा आहे. लिहून टाकलं एकदाचं.

२० नोव्हेंबर. अहेरी

नीलिमा मॅडमना फोन करून सांगितलं. लॅपटॉप त्याचा, काम माझं. काऊन बदललं नाही, ते नाही सांगितलं.  "ताई, तीन वर्षं लक्षातच नाही आलं?" मी म्हटलं, "नाही आलं." त्या बाई आहेत. त्यांना कळलं असावं.

त्याचं लेखी लागेल म्हणाल्या. मेल टाकतात.

आता त्याच्या हातात. मार्चनंतर मी काय खाणार तेही त्याच्याच हातात. पण खरं सांगू? पगारापेक्षा जास्त धाकधूक त्याची आहे, की तो मला काय म्हणतो.

२४ नोव्हेंबर

काही नाही. तिकडे नेटवर्क आठवड्यातून एकदा, रेंज ऑफिसला आला तर. स्वतःला समजावते आहे.

२७ नोव्हेंबर

उत्तर आलं. मला नाही, कंपनीला! नीलिमा मॅडमनी फोनवर वाचून दाखवलं. सरळ आपल्या झाडीबोलीत लिहिलंय पठ्ठ्याने: "हे काम माझं नाई. पयल्या दिवसापासून रंजीता रामटेके हिचं आहे, मले माहीत आहे. पैसे तिलेच द्या अन् नाव बी तिचंच टाका."

त्यासोबत बँकेचा कागद नाही, फक्त सही.

"किती सज्जन माणूस!" मॅडम म्हणाल्या. हो ना. फार सज्जन. मला एक ओळ नाही.

३ डिसेंबर

मानधन जमा झालं. जानेवारीपासून पगार. आता दुसऱ्यांच्या दुरुस्त्या तपासून मंजूर करायचं काम माझं. आई फोनवर रडली. मीही खूश आहे, खोटं कशाला बोलू! ऑफिसात पेढे वाटले.

संध्याकाळी पान उघडलं. रंजीता रामटेके, रंजीता रामटेके, खालपर्यंत रंजीता रामटेके. त्याचं नाव शोधलं. एकही सापडलं नाही.

लॅपटॉपचं सेटिंगही बदललं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

आज बसमध्ये बसले नाही. झोपून राहिले.

१४ डिसेंबर, रविवार

तीन दिवस सोमारीच्या गावात होते, आशाताईंना फॉर्म शिकवायला. लॅपटॉप इथेच कुलपात. आज परतले, फोनला दांड्या आल्या आणि कंपनीचा मेल येऊन पडला: "रंजीता रामटेके, तुमची दुरुस्ती मिळाली. धन्यवाद."

कोणती दुरुस्ती? मी काही पाठवलंच नाही!

उघडून पाहिली. एकच ओळ बदललेली. नेटवर्क गेल्यावर फोनवर जी सूचना येते ती. आधी होतं, "नेटवर्क नाही. पुन्हा प्रयत्न करा." आता आहे, "नेटवर्क नाई. तरी भरत राहा. तुमचं सगळं पोचून राह्यलं."

करणाऱ्याचं नाव माझं. मेल माझा. मशीन मात्र माझी नाही, सिरोंच्याचीच.

मंजूर केली.