काचेच्या पेटीतली मुलगी

शुगर लँड, टेक्सास, १४ ऑक्टोबर २००७

आई, फार दिवसांत तुला काही लिहिलं नाही, रागावू नकोस. तू गेल्यावर पहिली काही वर्षं डायरीत तुझ्याशी बोलायचे, मग तेही सुटलं. आज लिहायला बसले ते दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये मी जे बोलले त्यामुळे.

मीटिंग कोजागिरीची होती. मसाला दुधाचं ठरल्यावर देणगीचा विषय निघाला. इथल्याच एका मराठी घरातली मुलगी, नुकतीच मुलांची डॉक्टर झालेली, झांबियातल्या एका लहान हॉस्पिटलात काम करून आली आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली कितीतरी बाळं तिथे अंग गार पडून दगावतात, म्हणाली. मंडळाने इनक्यूबेटर, म्हणजे बाळाला ऊब देणारी काचेची पेटी, द्यावा असं सेक्रेटरींच्या मनात होतं. ती म्हणाली, "काका, त्यांनी मशीन मागितलंच नाहीये. सारखे लाइट जातात, आहे ते बंद पडलंय. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायचं, तीच ऊब. त्यासाठी आयांना राहायला एक वॉर्ड आणि नर्सना ट्रेनिंग हवंय."

"म्हणजे कांगारू!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी नाक मुरडलं. सेक्रेटरी म्हणाले, "अगं, मशीन कसं, दिसतं! त्यावर मंडळाची पाटी लावता येते. आयांवर कुठे लावणार?" मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्हीच सांगा. तुम्ही तर तिथल्याच पेटीतल्या ना?"

हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू सांगायचीस: बाबा झांबियात शाळेत शिकवायचे, मी सातव्या महिन्यातच झाले, मिशनच्या डॉक्टरांनी काचेच्या पेटीत ठेवून मला वाचवलं. तीच गोष्ट मी सामानाबरोबर इथे आणली.

खरी गोष्ट तू एकदाच सांगितलीस. लग्न होऊन माझं अमेरिकेला निघायचं ठरलेलं, पुण्याच्या स्वयंपाकघरात तू माझ्यासाठी मेतकूट भरते आहेस, मी बरणी धरली आहे. मान वर न करता तू म्हणतेस, पेटी होती, पण बिघडलेली. तिच्यात कापूस आणि बाटल्या ठेवायचे. तुला ताप होता, दूध आलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने स्वतःच्या इवल्याशा बाळाबरोबर मलाही उघड्या छातीशी घेतलं, वरून आपलं रंगीत कापड गुंडाळलं, आणि पाजलं. तू उठून बसेपर्यंत मी तिच्याच अंगावर होते. मी काही विचारायच्या आत तू दटावलंस, "सासरी बोलू नकोस हे. काळ्या बाईच्या दुधावर जगली म्हणतील." आणि लगेच, "नीट धर, सांडेल."

तेव्हा मला तुझा राग आला होता. एवढी शिकलेली बाई आणि असं बोलते! मी अशी नाही, हे मी अगदी गृहीत धरलं होतं.

आज मी म्हणाले, "हो. पेटी नसती तर मी नसते." टाळ्या पडल्या. मशीनसाठी भराभर हात वर गेले. ती मुलगी फाइल मिटत म्हणाली, "मावशी, तुमच्यासमोर मी काय बोलणार?" ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच तसं वाटलं, ते जास्त लागलं. गाडीत हे म्हणाले, "छान बोललीस." त्यांनाही पेटीच ठाऊक आहे.

घरी येईपर्यंत मी मनाशी घोकत होते की आईचा शब्द राखला. पण आई, सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. तुझा शब्द कधीच संपला होता. खरं ओठांवर आलं होतं. त्या काकूंचं मुरडलेलं नाक दिसलं आणि मी मुकाट्याने पेटीत जाऊन बसले. आता तिथे अजून एक पेटी जाईल, वर आमची पाटी, आणि आत कापूस आणि बाटल्या.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क मला नाही. त्या दिवशी त्या बाईचं नाव काय होतं, तिचं बाळ जगलं का, हे मी तरी कुठे विचारलं? मी बरणीचं झाकण लावलं.

चेक अजून गेलेला नाही.

उद्या: सेक्रेटरींना फोन करून त्या बाईबद्दल सांगणे.