तुरेवाली गप्प बसते ती जागा

आबा,

गेल्या महिन्यातली एकवीस तारीख, रविवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. स्थळ माझं स्वयंपाकघर. कॉन्व्हेंटात आम्हाला तक्रार अशीच लिहायला शिकवलं होतं: आधी तारीख, मग वेळ, मग घडलं ते, आणि रडणं-बिडणं असेल तर ते घरी. तुम्ही केलंत ते त्याच्या चाळीस-बेचाळीस वर्षं आधी. पण मला कळलं त्या रविवारी, म्हणून तारीख तीच धरली आहे. तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली, आता कशाला उकरून काढतेस, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. गेलेल्या माणसाला माफ करायचंच असतं असं मला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवलं असेल तर मी त्या तासाला वर्गाबाहेर उभी असणार.

त्या सकाळी माझी शाळेतली मैत्रीण आली होती. तीच, जिचा भाऊ बोटीवर होता आणि ज्याने विलायतेहून ती रेकॉर्ड आणली होती. आता आम्ही दोघीही रिटायर, दोघींचेही गुडघे बोलतात. ती टेबलाशी लसूण सोलत बसली होती, मी डाळीला फोडणी द्यायच्या तयारीत. एकदम म्हणाली, "अगं, सापडली बघ. अख्खी रेकॉर्ड. मोबाइलवर!" मी गॅस बंद केला. त्या बँडचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते कधी म्हणता आलं नाही. कव्हरवर त्या चौघांचे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केस बघून तुम्ही त्यांना तुरेवाले म्हणालात, गाणारीला तुरेवाली, आणि आपल्या घरात तेच नाव पडलं. लोक त्या संगीताला पंक म्हणतात. तुम्ही म्हणायचात, "कबनूरच्या मागावर बसल्यागत वाजवाय लागलाय ह्यो." कबनूरचे यंत्रमागवाले आपल्या कॅसेट भरून द्यायच्या दुकानाचे पक्के गिऱ्हाईक, मागाच्या खडखडाटावरून ऐकू जाईल अशी कॅसेट मागायचे, तेव्हा तुम्हाला माहीत असणारच.

रेकॉर्ड सुरू झाली आणि तुमच्या कॅसेटवरून पाठ झालेल्या माझ्या एकेक जागा येत गेल्या. आधी ढोलवाला काठ्यांवर ठोके मोजतो. तिसऱ्या ठोक्याला मागे कुणीतरी फिसकन हसतं आणि गाणं त्या हसण्यावरच सुरू होतं. ते हसू कुणाचं, कशाला, हे मी अर्धं आयुष्य ठरवत आले आहे. दुसऱ्या गाण्यात गिटारची तार तुटते. टण्ण. तो थांबत नाही, उरलेल्या तारांवर पुढे जातो, आणि तिथून ते गाणं शेवटपर्यंत जरा आंबट लागतं. मला ते आंबटच आवडतं. आणि तो जाड तारांची गिटार वाजवणारा! पाचव्या गाण्यात एक सूर आधीच येतो, एकटाच, आणि खजील होऊन गप्प होतो. पुढच्या वेळी ती जागा येते तेव्हा घाबरून एक सूर उशिरा येतो. विशीत मला त्या माणसाशी लग्न करावंसं वाटायचं. पहिल्या बाजूच्या शेवटी खुर्ची करकरते, दार उघडतं, रस्त्यावरची गाडी ऐकू येते. कुणीही शहाण्याने हे सगळं काढून टाकलं असतं. त्यांनी ठेवलं, म्हणून मला ती माणसं आपली वाटली.

आणि हे ऐकायला मला शिकवलं कुणी? तुम्ही. मी नववीत होते. नृसिंहवाडीच्या एका भजनी मंडळाने तुम्हाला रेकॉर्डिंगला बोलावलं होतं, मीही आले होते, घाटावरचा गार वारा आणि तुमचं ते जड मशीन एसटीतून मांडीवर धरून आणलेलं. मंडळातला एक म्हातारा मधूनमधून खोकत होता. आठवड्याने मंडळी महाद्वार रोडच्या बोळात आपल्या दुकानी आली: "तेवढा खोकला काढून द्या की." तुम्ही मान हलवलीत. "न्हाय काढायचा. उद्या म्हातारा गेला तर ह्योच ऱ्हाईल तुमच्याकडं." तोंडं वाकडी करून गेले. त्याच वर्षी मी माझ्या एका कॅसेटमधून रेडिओवाल्या बाईचं मधलं बोलणं काढून टाकलं, मोठी हुशारी केली असं वाटून तुम्हाला ऐकवलं, आणि तुम्ही गिऱ्हाइकांसमोर माझी कानउघाडणी केलीत. "आपण कोण काढणार? जे वाजलंय ते उतरवायचं. काढाय लागलीस तर मग तुझंच गाणं हुतंय ते, त्यांचं ऱ्हात न्हाय." कॉन्व्हेंटातल्या दहा आज्ञांच्या शेजारी मी ती अकरावी लिहून घेतली.

आता त्या जागेकडे येते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं. तुम्ही उतरवून दिलेल्या कॅसेटवर तुरेवाली तीन कडवी घसा फोडून ओरडते, मग एकदम सगळी वाद्यं थांबतात, ती श्वास घेते, रंकाळ्यात उडी मारण्याआधी पोरं घेतात तसा छातीभर, आणि ओरडत नाही. काहीच नाही. नुसती टेपची बारीक सळसळ, चांगली लांब, इतकी की पहिल्यांदा मला वाटलं, कॅसेट अडकली. मग ढोल धाडकन परत येतो आणि गाणं संपतं. आबा, मला त्या जागेने वेड लावलं होतं. एवढा श्वास घेऊन जी बाई ओरडत नाही तिच्या अंगात किती जोर असेल! मी ती जागा उचलली आणि आयुष्यभर वापरली. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, साहेब अंगावर आला की मी आधी श्वास घ्यायची, मग नुसती बघत राहायची, आणि तो स्वतःच वाक्य गिळायचा. त्यानंतर मी बोलायची ते वेगळं. ऑफिसात माझ्या जिभेपेक्षा माझ्या त्या गप्प बसण्याला लोक भ्यायचे. कॅसेट ऐकताना त्या जागी माझा हात आपोआप वर जातो, वर्गातल्या पोरांना गप्प करावं तसा.

त्या रविवारीही गेला. मैत्रिणीला म्हटलं, "श्श. आता थांबेल बघ." तुरेवालीने श्वास घेतला. आणि बोलायला लागली.

गात नव्हती, ओरडत नव्हती, शेजारच्या खोलीतून बोलावं तसं साधं बोलत होती, मागे काठ्यांची हलकी टिकटिक. बापाशी बोलत होती. म्हणत होती, तुम्ही तोंडाने म्हणाल जा, आणि तुमचा चेहरा म्हणेल थांब. मी चेहऱ्याकडे बघणार नाही. मी सकाळच्या गाडीने निघाले. चहा तुमचा तुम्ही करायला शिका. एवढंच. मग ढोल, धाडकन, माझ्या ओळखीचा. माझा हात तसाच वर.

मैत्रीण म्हणाली, "हात काय वर केलायस? आणि ही काय थांबली नाही बाई."

मी म्हटलं, "हे कुठून आलं? माझ्या कॅसेटवर हे नाही."

"नाही कसं? तुझ्या आबांनी मलाच विचारलं होतं की ह्याचा अर्थ."

मग तिने लसणाची पाकळी हातात धरूनच सगळं सांगितलं. ती रेकॉर्ड द्यायला दुकानात आली तेव्हा मी कॉलेजात होते. तुम्ही तिच्यासमोर सगळी रेकॉर्ड लावून बघितलीत, तुमची पद्धतच ती, आधी ऐकायचं, मग उतरवायचं. ह्या जागी आल्यावर सुई उचललीत. "पोरी, ही गात हुती की. मधीच बोलाय कशी लागली? काय म्हंतीया?" तिने सांगितलं.

"काय सांगितलंस?"

"जे आहे ते. भाषांतरात पदरचं घालू नये, सिस्टरनी छडी मारून शिकवलंय."

"मग आबा काय म्हणाले?"

"हसले. 'खमकी हाय' म्हणाले. मला सोडा पाजला, आणि म्हणाले, रेकॉर्ड उद्या ने."

"आणि इतकी वर्षं तू गप्प?"

"अगं, माझ्याकडं रेकॉर्डच होती, तुझ्या कॅसेटवर काय नाही ते मला काय कळणार? तू हात वर करून काय ऐकत होतीस ते मला आज कळतंय."

डाळ तशीच राहिली. ती गेल्यावर मला तो आठवडा आठवला. तुम्हालाही आठवत असेल. आई जाऊन वर्ष झालं होतं. घरात आपण दोघंच. मुंबईहून मला पत्र आलं होतं, ध्वनिमुद्रणाच्या शिक्षणासाठी निवड झाली म्हणून. वर्गात मी एकटी मुलगी असणार होते. पत्र आलं सोमवारी, कॅसेट तुम्ही दिलीत बुधवारी, "घे तुझे तुरेवाले" म्हणून, नवी कोरी, वर तुमच्या अक्षरात माझं नाव. आणि शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, तुम्ही भाकरी थापताय. तुमच्या भाकरीला कधी पदर सुटला नाही, एका बाजूला करपायची आणि मध्ये कच्ची. तव्याकडे बघतच तुम्ही म्हणताय, "तुझं तू ठरीव. मी न्हाय अडवणार." मग वर बघताय. तो चेहरा मी आजही बघते आहे. मी श्वास घेतला, तुरेवालीसारखा, छातीभर. आणि बोलले नाही. तुमच्या हातातून उलथणं घेतलं आणि भाकरी उलटली. त्या रात्री मला वाटलं, मी केवढी ताकदीची आहे.

नंतर तुम्ही दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, "पोरीला म्या कवा अडवलं न्हाय. तिचं तिनं ठरीवलं." मी मागे कॅसेटी पुसत उभी असायची आणि अभिमानाने मान हलवायची. आबा, ती मान मला परत हवी आहे.

कसं केलंत तेही मला माहीत आहे, तुमच्याच दुकानात वाढले. मध्येच बटण दाबून टेप थांबवली असती तर जोड ऐकू आला असता, आणि तुम्हाला माझे कान माहीत होते. म्हणून टेप चालू ठेवलीत आणि तिने श्वास घेतल्याबरोबर रेकॉर्डिंगचा आवाज शून्यावर आणलात. ती बोलून होईपर्यंत हात गोल बटणावर ठेवून बसलात, आणि ढोल यायच्या क्षणी परत वर. एक ठोका इकडेतिकडे नाही. इतकं सुबक काम तुम्ही वाडीच्या भजनालाही केलं नव्हतंत. त्या म्हाताऱ्याचा खोकला ठेवलात आणि माझ्यासाठी आलेलं बोलणं काढलंत. आणि मी? सारी नोकरी कानाला हेडफोन लावून काढली. तुटलेली लाइन आणि गप्प बसलेला माणूस यांतला फरक मला झोपेत कळायचा. लोक म्हणायचे, बाई, पलीकडे कुणी नाही वाटतं. मी म्हणायची, आहे, बोलत नाहीये. तुमच्या टेपवर मला कळलं नाही. कारण ती तुमची टेप होती, आणि तुम्ही काढत नाही, हे मला पाठ होतं.

माझं आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणत नाही. पण त्याचा फायदा तुम्हाला देणार नाही. तिचं बोलणं ऐकूनसुद्धा मी इथेच राहिले असते, असंही होऊ शकतं. पण मग ते माझं राहणं असतं. तुम्ही सरळ "जाऊ नको" म्हणाला असतात तर मी तुमच्याशी भांडले असते, आणि जिंकले असते किंवा हरले असते. तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत. दोघींना गप्प केलंत, तिला आणि मला, आणि त्या गप्प बसण्याचं मी आयुष्यभर कौतुक केलं.

हे पत्र टपालात पडणार नाही एवढं मलाही कळतं. घडी करून कॅसेटच्या डबीत ठेवणार आहे, तिथे जागा आहे. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगणार नव्हते. काल दोडक्याची भाजी परतताना मोबाइलवर तेच गाणं लावलं, पुरं, न काढलेलं. तुरेवालीने श्वास घेतला आणि माझा अंगठा आवाजाच्या बटणावर गेला. पार खाली. मी उलथणं धरून उभी राहिले, आणि ढोल यायच्या क्षणी आवाज वर आणला. एक ठोका इकडेतिकडे नाही.

तेव्हा तुम्ही असं का केलंत, याचं लेखी उत्तर सर्वपित्री अमावस्येच्या दुपारी बाराच्या आत मिळावं. तुमचं पान मीच ठेवते, भटजींनी नाक मुरडलं तरी. उत्तर त्याआधी हवं. कावळ्यामार्फत आलेला निरोप चालणार नाही.