नुसते पाय मोकळे करायला

बा, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नको. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, तेही अर्धं विसरलेलं. आणि तू गेल्यावर तुला लिहायचं तरी काय, हे कधी सुचलं नाही. आज घरात बोलायला कोणी नाही. सून वेचणीच्या बायांबरोबर कापसात गेली आहे आणि मी तिचा फोन मांडीवर घेऊन ओसरीवर बसलो आहे. तू न पाहिलेली तुझी नात, माझी मुलगी, आज दूर समुद्राकाठी एका शर्यतीत उतरली आहे. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल चालवायची, मग पळायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. कोणी बळजबरी केली नाही, तिचीच हौस.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, उद्या मी शर्यत नाही करून राह्यली, सराव करून राह्यली. खरी शर्यत पुढं हाय. उद्या सगळं हळू."

"सरावाला समुद्रापर्यंत काऊन जा लागते? आपल्याकडं रस्ते नाहीत का?"

"रस्ते हायत, खड्डे बी हायत. समुद्र कुठून आणू?"

मग तिनं मला समजावलं. हातातलं घड्याळ नाडी मोजतं. नाडी वर चढली की ते वाजतं, मग वेग कमी करायचा. पाण्याच्या टेबलापाशी पळायचं नाही, चालत चालत प्यायचं. भूक लागायच्या आधी खायचं. दुसऱ्या दिवशी जिना नीट उतरता आला, तर सराव चांगला झाला म्हणायचं.

"आन कोणी पुढं गेलं तर?"

"जाऊ देईन."

"बाई गेली तर?"

"म्हातारी गेली तरी जाऊ देईन, बाबा. तुमी आता चहा प्या."

तिला बोलायला सोपं आहे. मागच्या वेळी अशाच शर्यतीत ती उन्हात पळता पळता पडली होती. लघवी काळ्या चहासारखी झाली, तिला सलाईनवर ठेवलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुन्हा असं अंग जाळलं तर किडनीचं काही सांगता येणार नाही. आणि ही खाटेवरून मला काय म्हणते? "थोडंसंच राह्यलं होतं, बाबा."

ते ऐकलं आणि मला तू दिसलास. पैनगंगेकाठचा तो शंकरपट, ती बैलांची शर्यत. घरून निघताना तू आईला म्हणालास, आज बैल पळवायचे नाहीत, नुसते पाय मोकळे करून आणतो. मी बांधावर उभा आहे, तू छकड्यावर, कासरा आवळून धरलेला, आणि बैल खरंच दुडक्या चालीनं चालले आहेत. तेवढ्यात पलीकडून कोणी तरी ओरडतो, "काऊन रे, बैल आणले का म्हशी?" माणसं हसतात. तू त्या बाजूला पाहिलंही नाहीस. फक्त तुझा हात सैल झाला. त्या दिवशी तुझी जोडी सगळ्यांच्या पुढं होती, आणि संध्याकाळी गोठ्यात पांढरा बैल बसला तो परत उठला नाही. तू त्याचं डोकं मांडीवर घेऊन गूळपाणी पाजत होतास, ते तोंडातून बाहेर येत होतं. आई दारातून एवढंच म्हणाली, "झाले का पाय मोकळे?"

तेव्हापासून मी भिऊन भिऊनच जगलो. बस सुटायच्या किती तरी आधी स्टँडवर जाऊन बसतो. पाव्हण्यांकडं अर्धंच जेवतो. वाटलं, तुझ्यातलं ते माझ्यापाशी संपलं. तर पोरीला जबडा तुझा, आणि कोणी हसलं की नजर न वळवता पुढं पाहणंही तुझंच.

सकाळी पोहून ती जवळजवळ शेवटी बाहेर आली. सून म्हणाली, "ताई मागं हायत, बाबा. हे चांगलं ना?" मी म्हटलं, लई चांगलं. सायकलवरही ती मागंच होती, लोक पुढं जात होते. मी दोन घास सुखानं खाल्ले. मग सून शेतात गेली आणि पळणं सुरू झालं. फोनात कोण कुठल्या नंबरावर आहे ते दिसतं. तिच्या वरचं एक नाव खाली आलं. मग आणखी एक. मग कितीतरी. खोटं कशाला बोलू, पहिल्या दोन नावांना मला बरं वाटलं. नंतर प्रत्येक नावाला मी "हळू, पोरी" म्हणत राहिलो. तिला फोन लावला, तो बंद. त्यांना पळताना फोन जवळ ठेवू देत नाहीत म्हणे. घड्याळ वाजत असेल तिचं. तिला ऐकू येत नसेल, असं नाही.

आता बराच वेळ झाला, तिचं नाव जागचं हललेलं नाही. ऊन उतरलं, बाया अजून आल्या नाहीत. सून जाताना सांगून गेली होती, "बाबा, नावं हलली नाहीत तर बोटानं पडदा खाली ओढा, म्हंजे नवीन दिसते." बा, मी अजून बोट लावलेलं नाही. फोन उपडा ठेवून तुला लिहीत बसलो आहे. हे पत्र तुला पोचायचं नाही, हे मलाही कळतं. तरी तिथल्या वाटेवर जरा नजर टाक. ती तिकडं आली नाही, एवढंच मला कळव. लवकर कळव.