चौकातली होडी

बाबा, बंदराकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्यावर आता होडी उभी आहे. सिमेंटची. तुमच्या वेळी भाताच्या गाड्या जिथे वळायच्या, त्या चौकात गोल कठडा बांधून बसवली आहे. कुणा शिकलेल्या माणसाने घडवली, इथे एके काळी मालाचे मचवे लागायचे हे नव्या लोकांना कळावं म्हणून. खाडी गाळाने भरली, मचवे थांबले, ट्रक आले, रस्ता रुंद करताना चिंचा गेल्या. त्या रस्त्यावर तुमची म्हणून ओळखता येईल अशी ही एवढीच वस्तू. घडण चांगली आहे. नाळ, म्हणजे पुढचं टोक, तर अगदी आपल्या मचव्यासारखी पुढे झुकलेली.

पण मृग जवळ आला तसा माझा कशात जीव लागेना. होडी उघडी. तुम्ही मृगाच्या आधी मचवा किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी शाकारायचात. एकदा ते काम माझ्यावर सोपवलंत आणि मी नाळ उघडी ठेवून घरी आलो. चुलीपुढे भाकरी मोडतोय, तुम्ही दारातून ओरडता, "होडीच्या तोंडात पानी जाईल आन तू खातोस? ऊठ!" मी उठलो. मग तुम्हीही न जेवता माझ्यामागून आलात.

मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "अण्णा, सिमेंट कुजत नाही. लोक हसतील." मला काय कळत नाही? चौथी शिकलोय, वेडा नाही. तरी रात्रभर कूस बदलत राहिलो. झाप आता कोण विणतं? सकाळी बाजारातून निळं प्लास्टिक आणलं आणि कठड्यावर चढलो. हवालदार धावत आला.

"आजोबा, उतरा! परवानगी कुणाची?"

कोपऱ्यावर मासळी विकणारी बाई बसल्या जागेवरून ओरडली, "बांधू दे रं त्याला. पावसात होडी उघडी ठेवतात काय?"

"मावशी, सिमेंटची आहे ती."

"मंग तू रेनकोट कशाला घालतोस? तू काय मातीचा हायस?"

रिक्षावाले हसले, हवालदारही हसला. "वाऱ्याने उडालं तर तुम्हीच गोळा करायचं," म्हणाला आणि खालून दोरी धरली.

संध्याकाळी मुलगा त्याच रस्त्याने घरी आला. जेवताना एवढंच म्हणाला, "पुढे कमी पडलंय, अण्णा."

खरंच कमी पडलं आहे. नाळ उघडीच राहिली. प्लास्टिकचा तुकडा घरात आहे, दोरी आहे, चौक काही लांब नाही. हे पत्र टाकायला तर पत्ताच नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. रोज ताटावर बसतो, पहिला घास मोडतो आणि दाराकडे बघत तुमच्या हाकेसाठी थांबतो. म्हणून अजून गेलो नाही.