लंबूने लावलेलं झाकण

४ मार्च

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

आरमारात माझी निवड झाली, इंजिनरूमच्या कामावर. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय. आई माझ्याशी बोलत नाही, जे बोलायचं ते भांड्यांशी बोलते. काल शेवटी म्हणाली, तुझे आजोबा युद्धात जहाजावर होते, त्यांना विचार. सगळं सांगून ते जा म्हणाले, तर मी आडवी येणार नाही.

आली का पंचाईत? युद्धाचं विचारलं की तुम्ही 'समुद्र खारट होता' यापलीकडे जात नाही. या वेळी तेवढ्यावर भागणार नाही. मी जाणार म्हणजे जाणारच, पण आईच्या होकाराने जायचंय.

लोभ आहेच, या खेपेला थोडं बोलणंही असावं.

तुमची,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचंही पत्र आलं. पोरीला घाबरवा, म्हणते. मी आपलं झालं ते सांगतो.

लढाईत आमच्या इंजिनरूमचं लोखंडी झाकण वरून बंद व्हायचं. खाली पाणी शिरलं तरी उघडायचं नाही, नाहीतर अख्खं जहाज बुडणार. झाकण सांभाळायला वर माझा जिवलग मित्र लंबू असायचा. एकदा तळाला भोक पडलं, पाणी छातीपर्यंत आलं. आमची ओरड लंबूला ऐकू येत होती. त्याने उघडलं नाही. आम्ही भोकात गाद्या कोंबल्या, लाकडाचे टेकू दिले, पाठ लावून उभे राहिलो. बंदरात झाकण उघडलं तेव्हा झाकणाच्या मुठीवरची त्याची बोटं सुटेनात. मीच एकेक सोडवली.

घरी हे एकदाच सांगितलं, तुझ्या आजीला. तिने लंबूला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही. तुम्हाला मारायला निघाला होता, म्हणे. जहाज वाचवणाऱ्या माणसाला मी चोरासारखा कोपऱ्यावर भेटायचो. तेव्हापासून तोंड शिवलं.

तर दोन प्रश्न. खाली तुझी मैत्रीण असताना झाकण बंद ठेवशील? आणि तुझ्यावर कोणी बंद केलं, तर त्याच्यावर राग धरणार नाहीस ना? दोन्ही जमत असेल तर जा. हे आईला वाचून दाखव.

आशीर्वाद न मागता मिळतात, ते घेऊन ठेव.

तुझा,
आजोबा

१९ मार्च

ती. आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. मध्येच आईने पत्र माझ्या हातातून घेतलं, उरलेलं तिने वाचलं. पहिल्या प्रश्नाला मी हो म्हटलं. प्रश्न दोनदा वाचून, मग. दुसऱ्यासाठी तोंड उघडलं, तर आईने हात धरला. म्हणाली, हा तुला नाहीच, मला विचारलाय; आजीने धरला तसा राग मी धरेन का म्हणून. माझं उत्तर तयार व्हायला वेळ लागेल. तोवर तू निघ.

तुमची,
भिंगरी