पाटा आला, वरवंटा राहिला

आई, परवा आम्ही मूल गावातलं घर सोडतोय. चंद्रपुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. सामान न्यायला माणसं ठरवली आहेत. त्यांचा मुकादम फोनवर म्हणाला, "बाई, तुमी फक्त कुलूप लावा, बाकी आमी पाहून घेतो." इतकं गोड बोलणाऱ्यावर तू कधी विश्वास ठेवला नाहीस, म्हणून मीही कामाला लागले. प्रत्येक भांड्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका दिला. पितळी भांड्यांच्या खोक्यावर 'जुने पेपर' लिहिलं आणि पेपरांच्या खोक्यावर 'काच, सांभाळून'. तुझे जावई हसतात. सासूबाई गेल्या कुठे, या काय इथंच आहेत, म्हणतात. हसू देत. दोन खोकी इकडची तिकडे झाली की कळेल.

आज सकाळी पलंगाखालून तुझा पाटा काढला आणि हात थांबला. सिरोंच्याहून तुझी इथल्या शाळेत बदली झाली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तिथली आपली शेजारीण अक्का दोन दिवस स्वयंपाकघरातलं सामान बांधत होती. तू शाळेत असताना मी तिच्याच घरी जेवायचे, तिच्याच मांडीवर झोपायचे. ती बरण्या स्वतःच्या जुन्या लुगड्यांत गुंडाळते आहे आणि तू कमरेवर हात ठेवून तिच्या हातांवर नजर ठेवून उभी आहेस. "बाई, तुमी बसा ना, मी बांधतो," ती म्हणते. तू बसत नाहीस.

मूलला मेटाडोर उतरवली, गोणपाट सोडलं, तर पाटा होता, वरवंटा नव्हता. तू सगळं सामान पालथं घातलंस आणि म्हणालीस, "अक्कानंच ठेवून घेतला. काऊन एवढं मन लावून बांधत होती, ते आता समजलं." मी गोणपाटाची घडी घालत राहिले.

पुढच्या वर्षी अक्का इकडे कुणाच्या लग्नाला आली आणि वाट वाकडी करून आपल्याकडे आली. फडक्यात सुकी मासळी बांधून आणली होती, मला आवडायची म्हणून. तू तिला पाणी दिलंस, चहा विचारला नाहीस. वर म्हणालीस, "आमच्या वरवंट्यानं चटणी चांगली होते का वं?" तिला आधी समजलंच नाही. मग समजलं. "बाई, मी काऊन घेऊ?" एवढंच म्हणाली आणि मासळीचं फडकं तिथंच ठेवून उठली. ती गेल्यावर तू म्हणालीस, चोराच्या मनात चांदणं. मी दाराआड उभी होते. तो वरवंटा कुठे आहे, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. सिरोंच्यातल्या शाळेमागच्या चिंचेखाली, पाल्यात मीच निघायच्या आधी लपवला होता. जवसाची चटणी वाटल्याशिवाय तुझा घास उतरत नसे. मला वाटलं, वरवंटा नाही म्हटल्यावर तू गाडी वळवशील आणि मला अक्काकडे परत नेशील. तू बाजारातून दुसरा आणलास, तो त्या पाट्यावर कधी नीट बसला नाही, शेवटी टाकूनच दिलास. अक्का पुन्हा आली नाही. तिला बघायला बाहेर यायचीसुद्धा माझी हिंमत झाली नव्हती, याची मला अजून लाज वाटते.

तू दूधवाल्यावर संशय घेतलास, पोस्टमनवर घेतलास, सख्ख्या भावावर घेतलास. माझी वेणी घालताना मात्र म्हणायचीस, ही तेवढी माझी सरळ आहे. मग मी कसं सांगणार होते?

हे पत्र पाट्याबरोबर गोणपाटात बांधते आहे, दुसरीकडे कुठे पाठवणार. दुपारी मुकादम सामान बघायला आला होता. पाटा उचलून म्हणाला, "बाई, याचा वरवंटा कुठी हाय?" मी म्हटलं, शेजारणीनं ठेवून घेतला. "लोकाइचा काई भरोसा नाई, बाई," तो म्हणाला आणि मी मान हलवली. आता रागवायला तू नाहीस, आई, तरी मी अक्कावरच ढकललं.